विलासची गाडी

कापणी सुरू झाली की मी मुरबाडचा रस्ता टाळतो. जायचंच झालं तर एसटीने जातो आणि खिडकीची जागा रिकामी असली तरी आतल्या बाजूला बसतो. वसुधा, माझी बायको, म्हणते की इतकी वर्षं झाली, आता पुरे. तिचं खरं आहे. पण या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात आडवं पडायला लागतं, कापलेल्या रोपांचा ओलसर गोड वास दुपारच्या उन्हात वर येतो आणि मोकळ्या झालेल्या एखाद्या वाफ्यातून कुणी बाई कंबर सरळ करून रस्त्याकडे बघते. तिला काही बघायचं नसतं. पाठ भरून येते म्हणून ती उभी राहते, एवढंच. मला मात्र वाटतं, तिने गाडीचा आवाज ऐकला.

दोन हजार चार किंवा पाचची गोष्ट. मी शहापूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. चाळिशी दोन वर्षांवर आली होती आणि तोवर सगळा संसार एका स्कूटरवर झाला होता. पण नाशिक हायवेला चहाच्या टपरीवर उभा असलो की कधीकधी कसाऱ्याच्या दिशेने लांबच्या प्रवासाला निघालेली एखादी गाडी जायची. बसकी, लांबलचक, पसरट हँडलची, मागे सामान बांधलेलं, आणि चालवणारा आरामखुर्चीत बसल्यासारखा पाय पुढे सोडून बसलेला. क्रूझर म्हणतात तिला. ती गेल्यावर तिचा आवाज थोडा वेळ मागे राहायचा. त्या आवाजासाठी मी वेडा झालो होतो. नवी घेणं शक्य नव्हतं, म्हणून जुनी शोधायला लागलो.

स्टँडच्या मागे गॅरेज असलेल्या अन्वर मेस्त्रीला मी गुरू केलं. तो म्हणाला होता की रंग बघू नका, रंग कुणीही मारतो. टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारा, गंज दिसेल. पुढचं चाक धरून हलवा. मीटरवर विश्वास ठेवू नका, पायाखालची रबरं बघा. मीटर मागे नेता येतं, झिजलेलं रबर परत वाढत नाही. आणि सगळ्यात आधी इंजिनाला हात लावा. इंजिन गार असलं पाहिजे. तुम्ही पोचायच्या आधीच मालकाने ती चालू करून गरम केली असेल, तर समजा की गार इंजिन सुरू होताना काहीतरी बोंब आहे, आणि चहासुद्धा न घेता परत या.

त्याचं ऐकून मी कल्याणच्या दोन आणि भिवंडीची एक गाडी नाकारली. मग कुणीतरी खर्डीची सांगितली.

खर्डी स्टेशनापासून आत, भाताच्या शेतांना लागून एक कौलारू घर होतं. मालक बाळारामभाऊ, रेल्वेच्या गँगमधून निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे, उंच आणि वाकलेले. घरात ते एकटेच होते. गाडी ओटीवर उभी होती, वर धुतलेली गोधडी. त्यांनी गोधडी काढली आणि मी पाहतच राहिलो. काळी, स्वच्छ, एक ओरखडा नाही. मी मेस्त्रीच्या शब्दाला जागून आधी इंजिनाला हात लावला. चटका बसला.

माझा चेहरा त्यांना वाचता आला असावा. ते म्हणाले, “गरम हाय, कारन मी रोज चालू करतो. सकाली धा मिन्टं. बंद ठेवली तं खराब व्हईल ना.”

मी विचारलं, मग चालवता का? तर ते म्हणाले, त्यांना चालवता येत नाही. गाडी मुलाची, विलासची. तो वायरमन होता, ठेकेदाराकडे खांब उभे करायचा, तारा ओढायचा. दोन वर्षांमागे भाद्रपदात तापाने आजारी पडला आणि आठ दिवसांत गेला. आई त्याच्या लहानपणीच गेलेली. तेव्हापासून रोज सकाळी हा माणूस ओटीवर येऊन गाडी सुरू करत होता, दहा मिनिटं शेजारी बसत होता आणि बंद करत होता.

“आदीच सांगतो, मास्तर,” ते म्हणाले, “पोरगा गाडीवरनं पडून नाय गेला. गाडीचा काय दोष नाय.”

मग विकता कशाला, असं मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं की अलीकडे गाडी चालू केली की आतल्या खोलीतून विलास बाहेर येईल असं त्यांना वाटायला लागलं होतं. आधी तसं वाटत नव्हतं. दोन वर्षांनी वाटायला लागलं, म्हणून ती घरातून गेलेली बरी.

आमचं ठरलं. गाडीबरोबर त्यांनी विलासचं हेल्मेटही दिलं, काळं, मधून लाल पट्टा असलेलं, आणि एक दोनशे पानी वही. मी निघालो तेव्हा त्यांना हात करावा म्हणून आरशात पाहिलं, तर आरशात नुसतं आकाश आणि झाडांचे शेंडे. विलास बापासारखाच उंच असणार. आरसे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेले होते.

ते आरसे मी पुष्कळदा खाली वळवून घट्ट केले. आठवडाभरात गाडीच्या हादऱ्याने ते सैल व्हायचे आणि हळूहळू वर बघायला लागायचे.

वहीत विलासने गाडीचं सगळं लिहून ठेवलं होतं. ऑइल कधी बदललं, चेन किती सैल ठेवायची (दोन बोटं हलली पाहिजे), पावसाळ्याआधी कार्ब्युरेटर कसा उघडून धुवायचा, सायलेन्सरच्या खालच्या बाजूला गंज धरतो म्हणून दिवाळीत तिथे काळा रंग कसा द्यायचा. अक्षर लहान आणि सरळ. एके ठिकाणी लिहिलं होतं, इंजिन उभ्या जागी हळू चालू द्यावं, घाई करायला लावू नये, आवाज सुटा सुटा आला पाहिजे. मी तसंच ठेवलं. अन्वर मेस्त्रीने एकदा तो आवाज वाढवायला स्क्रू फिरवला तर मी परत होता तिथे आणला. त्या महिन्यात एका मेलेल्या माणसाकडून मी गाडी शिकलो. त्याच्या सीटच्या खळग्यात बसलो, त्याच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या मुठी धरल्या. शाळेत शिकवताना मधेच वाटायचं, संध्याकाळी जाऊन त्याला विचारू.

मेस्त्रीच्याच लक्षात आलं होतं की मागच्या डाव्या पायाखालचं रबर झिजलंय आणि उजवीकडचं नवं आहे. तो हसून म्हणाला होता की मागे नेहमी बाई बसायची, एका बाजूला पाय सोडून. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

वहीत आणखी एक गोष्ट होती. दर दुसऱ्या रविवारी एक ओळ: ‘सिद्धगड’, आणि पुढे किलोमीटर, एकशेसाठच्या आसपास. खर्डीहून शहापूर, मुरबाड आणि पुढे सिद्धगडाच्या पायथ्याचं जंगल, जाऊन येऊन तेवढं भरतं. मला वाटलं, विलासला गडाचा नाद असेल. दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रविवारी सकाळी मी ठरवलं की आपणही तिथवर जाऊन यावं. विलासचं हेल्मेट घातलं आणि निघालो.

तो रस्ता मी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी पार केला नव्हता. कापणी ऐन भरात होती. मुरबाड मागे पडल्यावर रस्ता अरुंद झाला, सागाची झाडं जवळ आली, डोंगर निळ्याचा हिरवा झाला. डांबर संपलं तिथे एक पाडा होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. पंधरा-वीस कुडाची घरं आणि त्यांच्यात उपरे वाटणारे विजेचे नवे खांब. पुढे वाट दिसेना म्हणून मी शेताच्या कडेला थांबलो. इंजिन चालूच होतं.

खालच्या वाफ्यात चार-पाच बाया कापत होत्या. त्यातली एक उभी राहिली. पंचविशीची असेल. हातात विळा तसाच. ती बांधाकडे चालत आली, मग धावली, कापलेल्या भाताच्या खुंटांवरून अनवाणी धावली आणि माझ्यापासून दहा पावलांवर येऊन थांबली. तिने विळा खाली टाकला आणि पदराने तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि हसू होतं, दोन्ही एकदम.

“किती दिस लावलंस रे,” ती म्हणाली. “मी म्हनलं, मेलास का काय.”

मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण माझा हात हेल्मेटकडे जाईना. काच खाली होती. त्या काचेमागे दोन-तीन श्वास मी विलास होतो, आणि ती बोलत होती. खांबावरचा दिवा पावसात गेला म्हणाली, तू असतास तर लावला असतास. मग मी हेल्मेट काढलं.

ती मागे सरली. बाकीच्या बाया बांधापर्यंत आल्या होत्या, त्यांतली एक तिला हाक मारत होती, हिरा, गो हिरा. हिराने आधी गाडीकडे पाहिलं, मग नंबराकडे, मग माझ्या हातातल्या हेल्मेटकडे.

“त्यानं इकली?” तिने विचारलं.

मी म्हणालो, मी विकत घेतली.

“बरा हाय?”

मी सायन्सचा मास्तर. जे आहे ते सांगायचं, हे पोरांना रोज शिकवणारा. समोर उभी असलेली बाई ऊन लागल्यासारखी दिसत होती, मागे तिच्या गावच्या बाया उभ्या होत्या, आणि मी म्हणालो, “हो. बरा आहे.”

तिने मान हलवली. विळा उचलला. परत जाऊन आपल्या ओळीत वाकली आणि कापायला लागली. गाडी वळवताना मी दोनदा पाहिलं. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

घरी येऊन वसुधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली की आता ती बाई जन्मभर त्याला शिव्या देत बसेल, गाडी विकली आणि मला टाकलं म्हणून, आणि तो बिचारा त्या शिव्या खायलाही नाही. उद्या जा आणि सांगून या.

मी उद्या गेलो नाही. पुढच्या रविवारी मी कार्ब्युरेटर उघडून धुतला. तो स्वच्छ होता. त्याच्या पुढच्या रविवारी चेन काढली, रॉकेलमध्ये बुडवली, कडी न् कडी पुसली, परत चढवली आणि दोन बोटं हलते का बघितलं. वसुधा दारात उभी राहून बघत होती. तिच्या नुसत्या बघण्याने मी चिडलो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. गाडी सुरू केली की तो सुटा सुटा आवाज यायचा आणि मला वाटायचं, हा आवाज तिकडे ऐकू जातो आहे, साठ किलोमीटरवर कुणीतरी पाठ सरळ करून उभं राहिलं आहे. शाळेत मी स्कूटर नेऊ लागलो.

शेवटी मी सोपी वाट काढली. तिसऱ्या रविवारी खर्डीला गेलो. वाटलं, बापाला सांगावं, पुढचं तो बघेल.

बाळारामभाऊंनी गाडीकडे न बघता मला आत बसवलं. मी आडवळणाने सुरुवात केली. विलासचं कुठे काही जमलेलं होतं का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, नाही, पोरगं कामात असायचं, रविवारीसुद्धा कामाला जायचं. मग मी सिद्धगडाचं सांगितलं. शेतातून धावत आलेल्या बाईचं सांगितलं. तिचं नाव हिरा, असं म्हणालो.

त्यांनी भिंतीला पाठ टेकली. आमच्यामधल्या चहाच्या कपांवर साय धरली. मग अगदी हळू म्हणाले, “तापात हिरा हिरा करायचा. आमचा एक बैल व्हता हिरा नावाचा, तो ल्हान असताना. मला वाटलं, बैलाची आठवन काडतोय. मी त्याला बोल्लो, हिरा गोठ्यात हाय, तू नीज.”

ते उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि म्हणाले, मला घेऊन चला. मी म्हणालो, पाड्यातली माणसं आहेत, तुमची घरं वेगळी, तुम्हाला काय वाटेल, तिला काय वाटेल. ते म्हणाले, “मास्तर, कापनी सपली की ती लोका वीटभट्टीवर जातात. मंग कुठं शोदाल?”

मी कचरत होतो तो सगळा वेळ हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या रविवारी गाडीवर आम्ही दोघं होतो. वाटेत शेतं रिकामी झाली होती, नुसते खुंट आणि मधे मधे पेंढ्याचे ढीग. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि खड्डा आला की बोटं रुतायची. पाड्याच्या तोंडाशी एक ट्रक उभा होता. ट्रकवर भांडी, गोधड्या, कोंबड्यांच्या डालग्या चढत होत्या. दोन-तीन घरांना कुलपं लागली होती.

हिरा खळ्यावर होती. तिच्या घरच्यांची शेवटची झोडणी चालली होती. भाताची पेंढी डोक्यावर नेऊन दगडावर आपटायची, दाणे सांडले की परत. गाडीचा आवाज तिने ऐकला असणारच. पण या वेळी तिने पाहिलं नाही. बाळारामभाऊ खळ्याच्या कडेला गेले, पायातल्या वहाणा काढल्या आणि जमिनीवर बसले.

“मी इलासचा बाप,” ते म्हणाले.

तिने डोक्यावरून पदर घेतला आणि हातातली पेंढी आपटली.

“तो नाय ऱ्हायला, बाय. दोन वरसं झाली. तापानं गेला. मला तुजं म्हाईत नव्हतं, नायतर तवाच आलो असतो.”

तिने आणखी दोनदा पेंढी आपटली. तिच्यात दाणा उरला नव्हता. मग हात थांबले. कधी, असं तिने विचारलं. भादव्यात, ते म्हणाले. ती मनाशी काहीतरी जुळवत होती. मग म्हणाली की तिने दुसऱ्या वायरमनला विचारलं होतं, तो म्हणाला विलासने काम सोडलं. खर्डीचा, एवढंच तिला माहीत होतं. खर्डी कुठे आहे ते माहीत नव्हतं.

“तुजं नाव घ्येत व्हता,” बाळारामभाऊ म्हणाले. बैलाचं त्यांनी सांगितलं नाही.

ती तिथेच खाली बसली. रडली नाही, निदान आवाज आला नाही. घरातून तिची आई बाहेर आली, आम्हाला बघून दारातच उभी राहिली. ट्रकवाला घाई करत होता. खळ्यावर अजून दहा-बारा पेंढ्या उरल्या होत्या. तेव्हा बाळारामभाऊ उठले. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, तिच्या पुढ्यातली पेंढी घेतली आणि झोडायला लागले. सारखी, सवयीच्या माणसाची झोड. मी पेंढ्या उचलून त्यांच्या हातात देत गेलो. शेवटची पेंढी झोडून झाली तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. तिच्या आईने पाणी आणलं. ते त्यांनी घटाघट प्यायलं आणि तांब्या हिराच्या हातात दिला.

भात पोत्यात भरून झालं. बाळारामभाऊ विजेच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या मुलाने तो उभा केला असेल किंवा नसेल, पण त्यांनी त्याला हात लावला. मी गाडीपाशी हेल्मेट घेऊन उभा होतो. ट्रककडे जाताना हिरा माझ्यापाशी थांबली. डोक्यावर गाठोडं होतं.

“तुमी बोल्ले व्हते, बरा हाय,” ती म्हणाली.

तिने गाठोडं सावरलं.

“राग लय व्हता त्याचा. पन तीन आठवडं मी म्हनत व्हते, असू दे, कुठं का असंना, बरा हाय ना.”

एवढं बोलून ती गेली. ट्रकच्या मागच्या फळीवर पाय देऊन वर चढली, इतर बायांमध्ये बसली आणि मग मला ती ओळखू येईना.

ते तिचं मला टोचून बोलणं होतं का, की त्या तीन आठवड्यांबद्दल ती मला काही देत होती, हे मी वसुधालाही विचारलं आहे. तिला सांगता आलं नाही. मी पुढे ती गाडी आणखी काही वर्षं चालवली. ऑइल वेळेवर बदललं, सायलेन्सरला दिवाळीत रंग दिला. हेल्मेट दुसरं घेतलं. पण सिद्धगडाच्या बाजूला परत गेलो नाही. हिरा भट्टीवरून परतली का, तिचं लग्न झालं का, ती आता कुठे आहे, मला माहीत नाही. बाळारामभाऊ असेपर्यंत मी सणासुदीला खर्डीला जात होतो. त्यांनी तिचं नाव परत काढलं नाही. मीही नाही.

फक्त त्या दिवशी परतताना, मुरबाडला चहाला थांबलो तेव्हा, त्यांनी बशीत चहा ओतता ओतता विचारलं होतं, जाताना ती तुमच्याशी काय बोलली.

मी म्हणालो, “काही नाही. नीट जा म्हणाली.”

त्यांनी मान हलवली आणि ते चहा प्यायले.